पैसे जूनमध्ये लागतात, साहेब

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

मी लातूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, एका अनुदानित महाविद्यालयात लिपिक आहे. नोकरीला बावीस वर्षं झाली, त्यातली चौदा शिष्यवृत्तीच्या खिडकीत गेली. पोरं मला सर म्हणतात, त्यांच्या आया साहेब म्हणतात. दोन्ही मी नाही. पण जून ते मार्च या खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं वरच्या मजल्यावरून दिसत नसावं, म्हणून हे पत्र.

मागच्या जुलैत एक मुलगी आली. अकरावी-बारावी आमच्याच आवारात केलेली, आता एफ.वाय.बीएस्सी.ला प्रवेश घेतलेला. मला वाटलं फॉर्मचं काही असेल. तिनं विचारलं, "सर, माझा पास का बंद झाला?" एसटीचा. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास मोफत आहे, पण बारावीपर्यंतच. गाडी तीच, सकाळी सातची. फाटा तोच, उतरायचं तेच गेट. फक्त इमारतीच्या डाव्या जिन्याऐवजी आता उजवा जिना. सवलतीचा पास मिळतो, तीन हिस्स्यांतला एक हिस्सा भरायचा असतो, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "पण शिक्षण तर आता फुकट झालं ना?"

तिनं बातमी ऐकली होती. जुलै २०२४ चा आपला निर्णय: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. आधी निम्मं माफ होतं. निर्णय चांगला आहे, हे मी खिडकीत बसून सांगतो. इंजिनिअरिंग, फार्मसीला एरवी गेल्या नसत्या अशा मुली आमच्या तालुक्यातून गेल्या. पण साध्या बीए, बीएस्सीला अनुदानित कॉलेजात शिक्षण शुल्क मुळातच किरकोळ. खर्च फीमध्ये नाहीच. तो राहण्यात, जेवण्यात आणि येण्याजाण्यात आहे. आणि तो जूनमध्ये सुरू होतो.

एक हिशेब मांडतो. आमच्याकडून एक पोरगा एम.एस्सी. गणिताला पुण्याला गेला. घरी तीन एकर कोरडवाहू. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका कॉटपुरती, जागा साडेतीन हजार, मेस साडेतीन हजार. महिन्याला ७,००० झाले, चहा आणि झेरॉक्स सोडून. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता, पण चार हजारांच्या आसपास विकल्याच्या पावत्या मी स्वतः पाहिल्यात. म्हणजे पोराचा महिना पावणेदोन क्विंटलचा. एकरी सहा-सात क्विंटल निघालं तर लोक यंदा बरं साधलं म्हणतात. एका एकराचं अख्खं पीक, खत-बियाणं-मळणीचा खर्च न काढता, चार महिन्यांच्या पुढे पुरत नाही. शिवाय सोयाबीन घरात येतं दसरा-दिवाळीला आणि डिपॉझिट द्यायचं असतं जूनमध्ये.

ते पोरगं सुरुवातीचे पाच महिने विद्यापीठाच्या वसतिगृहात पॅरासाइट म्हणून राहिलं. हा शब्द मी काढलेला नाही, पोरंच एकमेकांना म्हणतात. ज्याला खोली मिळाली त्याच्या खोलीत, दोन कॉटच्या मधल्या फरशीवर गादी टाकून राहणारा तो पॅरासाइट. तपासणी आली की गादी गुंडाळून कॉटखाली आणि हा बाहेर. गणितात पहिला वर्ग मिळवलेल्या मुलानं स्वतःला बांडगूळ म्हणवून घ्यायचं, आणि हसत.

आता तुम्ही म्हणाल, योजना आहेत. आहेतच. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला वर्षाला ६०,०००: जेवणाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. ज्यानं कुणी हा हिशेब केला त्यानं मेसचा दर विचारून केलाय, हे दिसतं. ओबीसींसाठी आधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम्, आणि आपल्या खात्याचा डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. रकमांबद्दल मी भांडत नाही. माझं भांडण तारखेशी आहे.

पैसा कसा येतो ते खिडकीतून सांगतो. मुलगा पोर्टलवर अर्ज भरतो. तो माझ्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, मग जिल्ह्याला. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असली की तहसीलची नवी रांग. आधार कार्डावर नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त असलं की अर्ज सेंट बॅक, म्हणजे दुरुस्तीला परत. आमच्या तालुक्यात आता 'सेंट बॅक' हा मराठी शब्द आहे, निरक्षर आईसुद्धा विचारते, "पोरीचं शेंटबॅक झालंय का?" एका बाईंनी सगळे कागद खताच्या पिशवीतून आणले होते, जातीचा दाखला लॅमिनेशन केलेला, बाकी घडीवर फाटलेले. त्या माझ्यासमोर तीनदा आल्या, दर खेपेला मजुरी बुडवून. एक चूक तर माझीच होती, मी चुकीचं वर्ष निवडलं होतं. तेही इथं कबूल करून टाकतो.

हे सगळं सरळ झालं तरी पैसे खात्यावर पडेपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. कधी पुढचं शैक्षणिक वर्षही. तोवर पोरगं जेवतं कशावर? बचत गटाच्या कर्जावर. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या उधारीवर. आईच्या डोरल्यावर. ३०,००० रुपये महिना शेकडा दोननं नऊ महिने वापरले तर व्याज ५,४०० होतं. ही ५,४०० ची फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या कुठल्याही तक्त्यात नाही, तरी आमच्या पोरांचे आईबाप ती भरतात. सरकारनं उशिरा दिलेल्या पैशाचं व्याज गरीब माणूस सावकाराला देतो, असा हा व्यवहार आहे.

स्टाफरूममध्ये कुणीतरी नेहमी म्हणतं, इतकं करून ही पोरं शिकतात तरी कशाला, नोकऱ्या कुठायत? नोकऱ्या नाहीत हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांना शिकवणारे निम्मे प्राध्यापकच तासिका तत्त्वावर आहेत. तरी येतात. काही येतात ते एमपीएससीला पदवी लागते म्हणून. विषय कुठला ते त्यांना गौण. काही दुसरं एम.ए. करतात ते खोली आणि अभ्यासिका सुटू नये म्हणून. हे गैर आहे हे मला कळतं, पण फॉर्म भरताना त्यांच्या तोंडाकडे बघून मी काही बोलत नाही. मुलींचं कारण वेगळं. "अजून शिकतेय" हे पाहुण्यांना देता येणारं एकमेव उत्तर आहे जे गावात चालतं. बी.ए.ची तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं लग्न लांबलं. त्या खताच्या पिशवीवाल्या बाईंना मी विचारलं होतं, एवढा आटापिटा कशासाठी. त्या म्हणाल्या, "नोकरी लागो ना लागो साहेब, पण माझ्यासारखं दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ नये."

आणि गणितवाल्या पोराला फक्त गणित आवडतं. याचा रकाना अर्जात नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात बोर्डिंग काढलं. भाऊराव पाटलांनी बोर्डिंग चालवलं आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. सयाजीरावांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं ते दरमहा साडेअकरा पौंडांवर. दरमहा! वर्ष संपल्यावर पावत्या जोडून नव्हे. आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा, १९१७ मध्ये, त्याच बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. यातल्या अनेकांची नावं आपल्या योजनांना आहेत, त्यांची पद्धतही घ्यावी.

मागणं थोडं आहे. निर्वाहाचे पैसे जूनपासून दरमहा द्या, पहिला हप्ता प्रवेशाच्या पावतीवर. पडताळणी मागून करा, खोटं निघालं तर वसूल करा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला तेच दाखले पुन्हा मागू नका, जात वर्षाला बदलत नाही. चार खात्यांच्या चार योजना आहेत, तेव्हा निदान त्यांची तारीख तरी एक असू द्या. आणि मुलींचा पास उजव्या जिन्यापर्यंत चालू ठेवा. एसटी आपल्या खात्यात येत नाही, माहीत आहे. पण मंत्रालयात आपण एकमेकांना भेटत असाल.

माझा स्वतःचा यात काही स्वार्थ नाही. माझा पगार ८ लाखांच्या मर्यादेच्या जरासा वर जातो, त्यामुळे माझ्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही. त्याचं रडगाणं नाही, त्याला कॉटवर झोपायला मिळतं.

आपण या बाजूला आलात तर जूनमध्ये येऊ नका. तेव्हा नवे प्रवेश, हारतुरे, सगळं छान असतं. नोव्हेंबरात या. परीक्षेचे फॉर्म त्याच सुमारास असतात आणि कोण कोण परत आलं नाही ते तेव्हा कळतं. खिडकी साडेदहाला उघडते.

आपला नम्र,
शिष्यवृत्ती विभागातील एक लिपिक