माझ्या आईचा रिपोर्ट आज कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे? विमा कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
मुख्य तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

विषय: कर्मचाऱ्याच्या खासगी व्हॉट्सअॅपवर कागदपत्रे मागवून नंतर ती मिळालीच नाहीत म्हणून बंद केलेला दावा, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोहोचलेला वैद्यकीय अहवाल

महोदय / महोदया,

माझ्या आईच्या शस्त्रक्रियेचा दावा आपल्या कंपनीने "कागदपत्रे मुदतीत प्राप्त झाली नाहीत" असे कारण देऊन बंद केला आहे. कागदपत्रे मुदतीच्या कितीतरी आधी प्राप्त झाली होती. ती आपल्या कर्मचाऱ्याच्या फोनवर गेली, कारण त्यांनीच ती तिथे मागवली होती.

आई रुग्णालयातून घरी आली त्याच दिवशी मी आपल्या कार्यालयात फोन केला. दाव्यांचे काम पाहणारे गृहस्थ म्हणाले, "पोर्टलवर फाइल चढत नाहीयेत, तुमचा उगाच वेळ जाईल. माझ्या व्हॉट्सअॅपवर फोटो टाका, मी इथून करून घेतो." त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती आणि मला त्या दिवशी कोणाच्या तरी मदतीची फार गरज होती. रात्री आई झोपल्यावर मी टेबलावर एकेक कागद पसरून फोटो काढले. डिस्चार्ज कार्ड, बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, बायोप्सीचा रिपोर्ट, आईचे ओळखपत्र, रद्द केलेला चेक. एकूण ४३ फोटो. दोन निळ्या खुणा उमटल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: कागद पूर्ण आहेत, दावा पुढे पाठवला आहे, आता निर्धास्त राहा. मी निर्धास्त राहिले.

पाच आठवड्यांनी चौकशी करायला गेले तर तो नंबर बंद. कार्यालयातून कळले की ते नोकरी सोडून गेले. कागदांचे काय, असे विचारल्यावर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, "त्यांच्या फोनवर काय आलं होतं ते आम्हाला कसं कळणार?" माझी सगळी तक्रार या एका वाक्यात आहे. ज्या माणसाला कंपनीने माझ्या दाव्यावर नेमले, ज्याच्याशी मी कंपनी समजूनच बोलत होते, त्याच्याशी झालेला सगळा व्यवहार कंपनीच्या नजरेआड होता. तो गेला आणि कंपनीला माझी ओळखही राहिली नाही.

मी पुरावा शोधायला लागले तेव्हा आणखी एक गोष्ट समजली. त्या संभाषणात सुरुवातीलाच एक बारीक ओळ उमटली होती की समोरच्याने संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू केली आहे. तेव्हा तिच्याकडे माझे लक्षही गेले नव्हते. या सोयीत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी मुदत निवडता येते. त्यांनी ७ दिवस निवडले होते. फोनमधली जागा वाचावी म्हणून निवडले असतील, मी त्यांच्या हेतूवर बोट ठेवत नाही. पण "कागद पूर्ण आहेत" हे शब्द पुसले गेले. माझ्याजवळ उरले ते गॅलरीतले ४३ फोटो. त्यांच्यावरच्या तारखा फोटो कधी काढले तेवढे सांगतात, ते कोणी मागितले आणि कोणाला पोहोचले हे सांगत नाहीत. ई-मेलने किंवा पोर्टलवर पाठवले असते तर आपल्याकडेही नोंद राहिली असती, माझ्याकडेही पोहोच राहिली असती.

पैशांचे एवढेच सांगून थांबते. खरे दुःख पुढचे आहे.

त्याच गृहस्थांनी दावेदारांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. मला न विचारता मला त्यात घेतले गेले. कोणते कागद कमी आहेत ते सगळ्यांना एकदम सांगता यावे, असा उद्देश असावा. एका सकाळी त्या ग्रुपवर एका अनोळखी बाईंचा सोनोग्राफीचा रिपोर्ट आला, वर नाव, वय, सगळे स्पष्ट. मी तो लगेच माझ्या फोनमधून काढून टाकला, पण तोवर मी तो पाहिला होता आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांनीही पाहिला असणार. माझ्या आईचा रिपोर्टही असाच फिरला असेल हे तेव्हा माझ्या मनात आले नाही. चार दिवसांनी एका परक्या माणसाचा फोन आला. ग्रुपमध्ये सर्वांचे नंबर सर्वांना दिसतात, तिथूनच त्यांनी माझा घेतला होता. ते म्हणाले, "तुमच्या आईंचा बायोप्सीचा रिपोर्ट पाहिला. आमच्या घरीही हेच झालं होतं. कोणते डॉक्टर आहेत?"

माणूस चांगला होता, धीर द्यायलाच त्याने फोन केला होता. पण आईने हे आजारपण सख्ख्या भावालाही सांगितलेले नव्हते. कोणाला कधी सांगायचे ते मी ठरवीन, एवढीच तिची अट होती आणि आम्ही घरातले सगळे ती पाळत होतो. फोनवरचे बोलणे तिने शेजारच्या खोलीतून ऐकले. त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटले, मीच कुठेतरी बोलून बसले.

आपल्या कार्यालयात हे सांगितले तेव्हा उत्तर मिळाले की व्हॉट्सअॅप पूर्ण सुरक्षित आहे, त्यावर एन्क्रिप्शन असते. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरच्या संभाषणांना असे कुलूप आहे, हे खरे आहे. पण ते कुलूप वाटेवरचे आहे. माझ्या फोनमधून निघालेला कागद समोरच्या फोनमध्ये पोहोचेपर्यंत मध्ये कोणाला वाचता येत नाही. पोहोचल्यावर तो ज्याच्या हातात फोन असेल त्याचा. फोटो आपोआप साठवण्याची सोय चालू असेल तर तो गॅलरीत जातो, गॅलरीतून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नजरेला पडतो, गॅलरीच्या बॅकअपबरोबर आणखी कुठे जातो. संभाषणाच्या बॅकअपलाही तसेच कुलूप लावण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती वापरणाऱ्याने स्वतः सुरू करावी लागते. आपल्या माजी कर्मचाऱ्याने ती केली होती का? त्यांचा फोन घरातली मुले वापरत होती का? नोकरी सोडताना त्यांनी फोन विकला का? यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे नाही, कारण तो फोन आपला नव्हताच. ग्रुपमध्ये चुकीचा माणूस बसला असेल तर जगातले सर्वात मजबूत एन्क्रिप्शनही त्याच्यापर्यंत कागद सुखरूप नेऊन पोहोचवते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या बड्या अधिकाऱ्यांनी लष्करी हल्ल्याची चर्चा सिग्नल या व्हॉट्सअॅपसारख्याच अॅपवरच्या ग्रुपमध्ये केली आणि त्या ग्रुपमध्ये चुकून एका मासिकाचा संपादक घेतला गेला होता. कुलूप कोणी तोडले नव्हते.

आमच्यासारखाच प्रकार स्कॉटलंडमध्ये घडला आहे. तिथल्या एनएचएस लानार्कशायर या सरकारी आरोग्य संस्थेतले २६ कर्मचारी एप्रिल २०२० ते एप्रिल २०२२ या काळात एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुग्णांची माहिती टाकत होते. नावे, फोन नंबर, पत्ते, फोटो, उपचारांचे तपशील, असे ५०० हून अधिक वेळा झाले. संस्थेचा नसलेला एक माणूसही चुकून त्या ग्रुपमध्ये घेतला गेला होता. ब्रिटनमध्ये माहिती संरक्षणाचे काम पाहणाऱ्या माहिती आयुक्त कार्यालयाने २०२३ मध्ये त्या संस्थेला अधिकृत ताकीद दिली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ते कर्मचारीही वाईट नव्हते. साथीच्या काळात कार्यालयात एकत्र बसता येईना, तेव्हा त्यांनी हाताशी असलेला मार्ग धरला. ताकीद मात्र संस्थेला मिळाली, आणि मला ते योग्य वाटते. आपल्या पहिल्या पत्रोत्तरात "संबंधित कर्मचाऱ्याने वैयक्तिक पातळीवर केलेले कृत्य" असे शब्द आहेत. ते मला मान्य नाहीत. पोर्टल चालत नव्हते हे त्यांनी मला सांगितले, म्हणजे आपल्या कार्यालयात ते सर्वांना ठाऊक असणार. दुसरा चालणारा मार्ग कर्मचाऱ्याच्या हातात दिला नाही, तर तो स्वतःचा फोन काढणारच. शिवाय त्या ग्रुपमध्ये आपले शाखा व्यवस्थापकही होते. माझ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट आहे.

नोंदींचा मुद्दाही मी माझ्या मनाने काढलेला नाही. अमेरिकेत कर्मचाऱ्यांनी व्हॉट्सअॅपसारख्या खासगी मार्गांनी केलेला व्यवहार जपून ठेवला नाही म्हणून जेपी मॉर्गन या बड्या बँकेच्या रोखे व्यवसायाला डिसेंबर २०२१ मध्ये दोन नियामकांनी मिळून २० कोटी डॉलरचा दंड केला. पुढच्या सप्टेंबरमध्ये तिथल्या भांडवल बाजार नियामकाने आणखी १६ वित्तसंस्थांना मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड लावला. त्या संभाषणांत कोणाची फसवणूक झाली का, हा तिथे मुख्य प्रश्नच नव्हता. नोंद ठेवणे हे संस्थेचे काम आणि ते तिने केले नाही, एवढे पुरेसे ठरले. आणि व्हॉट्सअॅपच्या साध्या अॅपच्या अटींमध्येच लिहिले आहे की परवानगीशिवाय ते वैयक्तिक कामाखेरीज वापरू नये. व्यवसायांसाठी त्याच कंपनीने २०१८ मध्ये वेगळे अॅप काढले. म्हणून या तक्रारीत मी अॅपला दोष देत नाही. घरच्यांशी बोलायला मीही तेच वापरते.

आणखी एक धोका सांगणे भाग आहे, कारण तो आपल्या इतर ग्राहकांसमोरही उभा आहे. ग्रुप बंद झाल्यावर मला एका नव्या नंबरवरून संदेश आला. फोटोच्या जागी आपल्या कंपनीचे बोधचिन्ह, मजकूर असा की दावा मंजूर झाला आहे, खात्री करण्यासाठी आलेला ओटीपी कळवा. आईचे नाव आणि रुग्णालयाचे नावही बरोबर होते. मी ओटीपी दिला नाही, पण बोट बटणावर गेले होते. आपली खरी माणसेच खासगी नंबरवरून कागद मागत असतील तर भामटा कोण आणि कंपनी कोण, हे ग्राहकाने कशावरून ओळखायचे? "अनोळखी नंबरला उत्तर देऊ नका" असे संदेश आपण आम्हाला पाठवता. आपल्या कर्मचाऱ्याचा नंबरही माझ्यासाठी पहिल्या दिवशी अनोळखीच होता.

माझी पहिली मागणी अशी की दावा पुन्हा उघडावा आणि माझे कागद मी प्रथम पाठवले त्या तारखेला मिळाले असे धरावे. त्यासाठी लागणारे शपथपत्र मी द्यायला तयार आहे. त्या ग्रुपमध्ये कोण कोण होते, आईचे कोणते कागद त्यात टाकले गेले, हे मला लेखी कळवावे. माजी कर्मचाऱ्याशी संपर्क साधून त्यांच्या फोनमधून आणि बॅकअपमधून सर्व ग्राहकांचे कागद काढून टाकल्याचे लेखी घ्यावे. ग्रुपमधल्या प्रत्येकालाही तसे सांगावे. ज्यांचे रिपोर्ट फुटले त्या सर्वांना, त्या सोनोग्राफीवाल्या बाईंनाही, कंपनीने स्वतःहून कळवावे. युरोपात २०१८ पासून अशी माहिती फुटल्याचे कळल्यावर साधारणपणे ७२ तासांच्या आत नियामकाला कळवावे लागते. मी आपल्याला सांगून सहा आठवडे होत आले आणि त्या बाईंना अजून काही माहीत नसेल, या विचाराने मला अस्वस्थ वाटते.

पोर्टल बंद असेल तेव्हा कागद कुठे द्यायचे, तो एक मार्ग ठरवा. कंपनीचा ई-मेल चालेल, खिडकीवर शिक्का मारून दिलेली पोहोचही चालेल. कर्मचाऱ्यांना कामासाठी कंपनीचे साधन द्या, आणि नोकरी सोडताना ग्राहकांची फाइल जशी ताब्यात घेता तशी ती संभाषणेही ताब्यात घ्या.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी विमा नियामकाकडे आणि माहिती संरक्षणाचे काम पाहणाऱ्या यंत्रणेकडे अर्ज करणार आहे. दाव्याविषयीचे उत्तर माझ्या नावे पाठवावे. झाल्या प्रकाराबद्दलचे माफीचे पत्र मात्र वेगळ्या बंद पाकिटात, टपालाने, माझ्या आईच्या नावे यावे. पॉलिसी माझी आहे, पण रिपोर्ट तिचा होता. ते पत्र ती स्वतः उघडेल आणि कोणाला दाखवायचे ते तीच ठरवेल.

आपली,
पॉलिसीधारक

सोबत: कागदांच्या ४३ फोटोंच्या प्रती, ग्रुपच्या सदस्य यादीचा स्क्रीनशॉट (इतरांचे नंबर झाकून), ओटीपी मागणाऱ्या संदेशाचा स्क्रीनशॉट, आपल्या पहिल्या पत्रोत्तराची प्रत