ड्रायक्लीन कपड्यांत राहिलेल्या रसायनाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ड्रायक्लीन करून दिलेल्या कपड्यांना येणारा रसायनाचा उग्र वास

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या कोथरूड शाखेतून दोन ब्लेझर, एक शालू आणि सासूबाईंची लोकरीची शाल घरी आणली. सगळे प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेले होते, तसेच कपाटात टांगले. सकाळी कपाट उघडले तर वासाने डोके भणभणले. सासूबाईंना दमा आहे, त्यांना त्या खोलीत बसवेना. शाखेत फोन केला तर उत्तर मिळाले, "मॅडम, ड्रायक्लीनचा वास असतोच." कोणते रसायन वापरता, हे मात्र कोणीच सांगितले नाही.

ते परक्लोरोएथिलीन, म्हणजे ड्रायक्लीनिंगमध्ये मळ काढायला वापरले जाणारे द्रव रसायन, असेल तर हा प्रश्न नुसत्या वासाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते 2A गटात, म्हणजे माणसाला बहुधा कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले आहे. कॅलिफोर्नियात 2023 पासून ड्रायक्लीनिंगसाठी त्यावर बंदी आहे. भारतात बरेच जण मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे पेट्रोलियमपासून बनणारे द्रव, वापरतात. तुम्ही तेच वापरत असाल तर तसे सांगा. त्याचीही वाफ दम्याच्या माणसाच्या उशाशी नकोच.

लोकर परक्लोरोएथिलीन धरून ठेवते आणि त्याच कपड्याचे पुन्हा पुन्हा ड्रायक्लीनिंग झाले की साठा वाढतो, हे 2011 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या अभ्यासात दिसले. रेशमात ते जवळजवळ राहिले नव्हते. माझा अनुभवही तसाच आहे : शालूला वास नाही, शालीला आणि ब्लेझरना आहे. मशीन गच्च भरले किंवा वाळवण्याची वेळ कापली की रसायन कपड्यातच राहते. लग्नसराईत तुमच्याकडे असेच होत असावे, असा माझा संशय आहे.

कपडे मी आता पिशव्या काढून गॅलरीत टांगले आहेत. पिशवी काढा, मोकळ्या हवेत ठेवा, मगच कपाटात, बंद गाडीत ठेवू नका, एवढे तुमच्या काउंटरवरून सांगायला काय हरकत होती?

वापरलेल्या रसायनाचे नाव पावतीवर छापावे. माझे लोकरीचे कपडे परत नेऊन पूर्ण वाळवून द्यावेत, त्याचे पैसे घेऊ नयेत. ज्यांना हवे त्यांना पाण्यातल्या वेट क्लीनिंगचा पर्याय द्यावा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपली,
एक ग्राहक, कोथरूड, पुणे