पुढचा भागही हवाच

महोदय,

सुट्टीतल्या वाचनाच्या याद्यांतून मालिकांचे पुढचे भाग सहसा गळतात. ‘पुन्हा तेच’ म्हणून मोठी माणसेच ते बाजूला सारतात. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतला ‘प्रिन्स कॅस्पियन’ (१९५१) मात्र जरूर वाचून पाहावा. शाळेला निघालेली चार भावंडे रेल्वे स्थानकावरूनच ओढली जातात आणि एका ओसाड बेटावर पोचतात. तिथले पडके अवशेष निघतात त्यांच्याच राजवाड्याचे; पहिल्या भागात नार्निया या जादुई जगात तीच तर राज्य करत होती! इकडे सरले एक वर्ष, तिकडे सुमारे १३००. ओळखीच्या जगात परतल्याचा आनंद आणि ते आपल्यासाठी थांबले नाही याची चुटपुट, दोन्ही एकदम. दर जूनमध्ये वर्ग नि बाक बदलणाऱ्या मुलांना हे बरोबर उमगते. शेवटी थोरल्या दोघांना, आता मोठे झाल्यामुळे परत येता येणार नाही, असे कळते तेव्हा वाचणारेही हिरमुसतात. (लढाया जरा लांबल्या आहेत, त्या मुले खुशाल गाळतात.)

शालेय ग्रंथालये बहुधा पहिला भाग घेऊन थांबतात. निदान गाजलेल्या मालिकांचे पुढचे भाग तरी यंदाच्या खरेदीत घ्यावेत.

– एक वाचक, सातारा