मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर थेंबांचं काय?

महोदय,
फेब्रुवारीत माझ्या मायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शिबिरातून फुकट झालं. दुसऱ्या दिवशी गाडीने गावात आणून सोडलं. त्याचे उपकार आहेतच. पण हाती दिल्या दोन सारख्याच बाटल्या आणि इंग्रजीतला कागद. मायला अक्षरओळख नाही. चौथ्या दिवशी स्वच्छ दिसू लागलं तसे तिने थेंब बंद केले अन् वावरात थ्रेशरजवळ हरभऱ्याचं कुटार भरायला गेली. रात्री डोळा लालबुंद, ठणका असा की उशी भिजली. सकाळी पहिल्या एसटीने तालुक्याला नेलं, म्हणून नजर वाचली.

थेंब डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा चार ते सहा आठवडे, घालायचे असतात. डोळा चोळायचा नाही, धूळ, चुलीचा धूर, डोक्यावरून पाणी टाळायचं. लाली, दुखणं किंवा अंधुक दिसणं सुरू झालं तर त्याच दिवशी दवाखाना. हे सुटी देताना घरच्या माणसाला बसवून मराठीत सांगा ना!

मी एका बाटलीला लाल दोरा बांधला, दुसरीला काळा. थेंब टाकला की माय भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची.

एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ