मुकुट उतरला, धनीपणाचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोप फ्रान्सिस यांचे २१ एप्रिल २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्या साधेपणाबद्दल भरभरून लिहिले. राजवाडा सोडून सांता मार्ता अतिथिगृहात राहणे, साधी शवपेटी, थडग्यावर नुसते 'फ्रान्सिस्कुस' एवढेच नाव. पुढे ८ मे रोजी नवे पोप लिओ चौदावे सज्जात आले ते लाल खांदावस्त्र घालून. फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये तेच वस्त्र घालायचे टाळले होते, त्यामुळे 'थाटमाट परतला' अशी कुजबुज लगेच सुरू झाली, ती अजून अधूनमधून वाचायला मिळते. मी वसईचा कॅथलिक, रविवारची मिस्सा सहसा न चुकवणारा. या कपड्यालत्त्यांच्या चर्चेत आमच्या चर्चचा मूळ प्रश्न, म्हणजे अधिकार कोणाच्या हाती आणि त्याला जाब कोण विचारणार हा, बाजूलाच पडतो, म्हणून हे पत्र.

वसई-मुंबईकडच्या जुन्या लोकांना डिसेंबर १९६४ अजून आठवतो. पोप पॉल सहावे युकॅरिस्टिक काँग्रेस या कॅथलिकांच्या जागतिक मेळाव्यासाठी मुंबईला आले होते. भारतात येणारे ते पहिले पोप. त्याआधी तीन आठवडेही झाले नव्हते, १३ नोव्हेंबरला, सेंट पीटर्स बॅसिलिकात जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद चालू असताना त्यांनी आपला तिहेरी मुकुट वेदीवर ठेवून गरिबांसाठी देऊन टाकला होता. १९६३ च्या राज्याभिषेकासाठी मिलानच्या भाविकांनी भेट दिलेला तो मुकुट आता वॉशिंग्टनच्या एका बॅसिलिकात बघायला मिळतो. मुंबईहून परतताना त्यांनी आपल्या वापरासाठी आलेली पांढरी लिंकन मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर व्यवहाराला पक्क्या. त्यांनी तिची सोडत काढली आणि कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी पैसा उभा केला. पुढे १९७८ मध्ये जॉन पॉल पहिले यांनी राज्याभिषेकच करून घेतला नाही. त्यानंतर माणसांच्या खांद्यांवरून मिरवणारी पोपची खुर्चीही गेली. मुकुट गेला, पालखी गेली, आणखी काय हवे?

आता याच पॉल सहाव्यांची दुसरी बाजू. संततिनियमनाचा प्रश्न त्यांनी परिषदेत जमलेल्या दोन हजारांवर बिशपांच्या हातून काढून घेतला आणि स्वतःकडे ठेवला. त्यासाठी एक आयोग होता. त्यात धर्मपंडित होते, डॉक्टर होते, संसारी जोडपीही होती. १९६६ मध्ये आयोगातल्या बहुमताने कृत्रिम साधनांना मनाई करणारी शिकवण बदलावी असा कौल दिला. जुलै १९६८ मध्ये 'ह्युमाने विते' हे परिपत्रक निघाले ते नेमके उलट. तो निर्णय बरोबर की चूक, हा वाद इथे नको. मला तर त्या परिपत्रकातल्या काही गोष्टी पटतातही. पण जोडप्यांना बोलावून, त्यांच्या घरातल्या गोष्टी विचारून, शेवटी निर्णय एकट्यानेच घ्यायचा असेल, तर मुकुट डोक्यावर होता की वेदीवर, याने त्या जोडप्यांना काय फरक पडला?

मार्कच्या शुभवर्तमानात याकोब आणि योहान येशूकडे उजव्या-डाव्या बाजूची आसने मागतात, बाकीचे दहा जण चिडतात. येशू सगळ्यांना जवळ बोलावतो आणि राजेलोक प्रजेवर धनीपण गाजवतात तसे तुमच्यात नसावे, मोठे व्हायचे असेल त्याने सेवक व्हावे, असे सांगतो. त्या सबंध प्रसंगात वस्त्रांचा, दागिन्यांचा विषयच निघत नाही. तो बोलतो ते धनीपणाबद्दल.

आणि ते धनीपण कायद्यात जसेच्या तसे आहे. चर्चची सध्याची कायदेसंहिता, म्हणजे कॅनन लॉ, १९८३ ची. तिच्या ३३१ व्या कलमात पोपचा अधिकार सर्वोच्च, पूर्ण, थेट आणि सार्वत्रिक आहे असे म्हटले आहे. ३३३ व्या कलमानुसार त्यांच्या निर्णयाविरुद्ध अपील नाही. कलम १४०४ एका ओळीचे: पोपच्या आसनाचा न्याय कोणीही करू शकत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले स्वतःला 'देवाच्या सेवकांचा सेवक' म्हणवून घेत, आणि पोपच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांवर ही उपाधी पुढेही येत राहिली. १०७५ च्या सुमारास ग्रेगरी सातवे यांच्या नावाने जी अधिकारांची यादी नोंदली गेली, तीत सर्व राजांनी फक्त पोपच्याच पायांचे चुंबन घ्यावे असे कलम आहे. वारीत लहानथोर 'माउली' म्हणत एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. इथे पाया पडणे एकाच बाजूने.

फ्रान्सिस यांनी ही दिशा फिरवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. निवड झाली त्याच महिन्यात, २८ मार्च २०१३ च्या पवित्र गुरुवारी, त्यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि त्यांतली एक मुसलमान. माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. पण याच फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनच्या लंडनमधल्या मालमत्ता व्यवहाराचा तपास चालू असताना चार आदेश काढून व्हॅटिकनच्या फिर्यादी वकिलांचे अधिकार वाढवले. ते आदेश तेव्हा प्रसिद्धही केले नव्हते. त्या खटल्यात कार्डिनल बेच्चू यांना डिसेंबर २०२३ मध्ये साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली गेली. ते दोषी आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न. न्यायालयापुढच्या प्रकरणाचे नियम मध्येच बदलायची मुभा आपल्याकडे एखाद्या मुख्यमंत्र्याला मिळाली असती, तर आपण किती आरडाओरडा केला असता!

माझे काही मित्र म्हणतात, अरे, कोणाचा तरी शब्द शेवटचा हवाच, नाहीतर सावळागोंधळ होईल. फ्रान्सिस यांनी अमेरिकेत कार्डिनल राहिलेल्या मॅकॅरिक यांना लैंगिक अत्याचारांबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्ये धर्मगुरुपदावरून कायमचे काढले, ते या अधिकारामुळेच ना? खरे आहे. पण त्याच मॅकॅरिक यांना २००० मध्ये वॉशिंग्टनचे आर्चबिशप केले तेही याच अधिकाराने. न्यूयॉर्कचे कार्डिनल ओकॉनर यांनी १९९९ मध्ये पत्र लिहून सावध केले होते, तरीही जॉन पॉल दुसरे यांनी नेमणूक केली. हे सगळे व्हॅटिकनच्याच २०२० च्या अहवालात आहे. पीडितांचे नशीब आसनावर कोण बसले आहे यावर ठरत असेल, तर पोप कितीही प्रेमळ असला तरी चालणार नाही. आम्ही ज्याला पहिला पोप मानतो तो संत पेत्र अंत्युखियात चुकला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर सुनावले. हे गलतीकरांस पत्रात लिहिलेले आहे आणि आम्ही ते मिस्सेत मोठ्याने वाचतो.

हा प्रश्न फक्त रोमचा नाही. आमच्या गावच्या पॅरिश कौन्सिललाही, म्हणजे चर्चमधल्या स्थानिक मंडळालाही, कलम ५३६ नुसार फक्त सल्ला देता येतो. शाळेची इमारत असो की स्मशानभूमीची भिंत, आम्ही तास-दोन तास बोलतो आणि फादरांना पटले तर होते. बहुतेक फादर चांगलेच असतात, म्हणून हे खपून जाते. ऑक्टोबर २०२३ च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सल्लागार सभेत, महिलांनी पहिल्यांदा मतदान केले. पुढच्या वर्षी या सिनडचा अंतिम दस्तऐवज निघाला, आणि 'फक्त सल्ल्यापुरते मत' ही कायद्यातली भाषा पुन्हा तपासावी असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज जसाच्या तसा मान्य केला. माझ्या लेखी त्यांच्या साध्या शवपेटीपेक्षा ही मोठी गोष्ट आहे, पण तिच्यावर मराठीत चार ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत.

ती तपासणी प्रत्यक्षात आणणे आता लिओ यांच्या हातात आहे. ते स्वतः पेरूमधल्या चिक्लायोसारख्या धर्मप्रांतात बिशप होते, कॅनन लॉ हाच त्यांच्या डॉक्टरेटचा विषय, त्यामुळे कुठले कलम कुठे अडते हे त्यांना कोणी शिकवायला नको. लाल वस्त्र त्यांनी खुशाल घालावे. आपल्या प्रतिनिधींनी मात्र पुढच्या वेळी व्हॅटिकनबद्दल लिहिताना कलम ५३६ आणि ३३३ यांचे काय झाले, एवढे जरूर विचारावे, ही विनंती.

आपला,
एक कॅथलिक वाचक, वसई