‘नो सूनर’ येतं, ‘नीदर डू आय’ येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात यंदा बारावीला आहे. ‘ॲज सून ॲज’चं ‘नो सूनर’ कर म्हटलं, की तव्यावरची पोळी उलटावी तसं वाक्य उलटून देते. पुढे ‘वेन’ नाही, ‘दॅन’च, हेही पाठ. का, विचारलं की गप्प. अगं, ‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’. तुलना आली की ‘पेक्षा’ आलंच, म्हणून ‘दॅन’. ‘हार्डली’त तुलना नाही, तिथे ‘वेन’.

परवा मैत्रिणीशी तिची इंग्रजी बोलायची प्रॅक्टिस चालली होती. फोनवर पलीकडून आलं, ‘आय डोन्ट हॅव द नोट्स’. हिचं उत्तर, ‘मी टू!’ मिरजेत ३१ वर्षं इंग्रजी शिकवलंय मी. मेथी निवडता निवडता हात थांबला. हवं होतं ‘नीदर डू आय’.

दोष तिचा नाही, आपल्या ‘पण’चा आहे. ‘मी जाणार’ म्हटलं तरी ‘मी पण’, ‘मी नाही जाणार’ म्हटलं तरी ‘मी पण’. (त्यात ‘मी’ दोन्ही भाषांत ‘मी’च, त्यामुळे जीभ घसरतेच.) इंग्रजीत मात्र होकाराला ‘सो’, नकाराला ‘नीदर’ किंवा ‘नॉर’. घरगुती बोलण्यात ‘मी नीदर’ही चालतं. शिवाय समोरच्याचं सहायक क्रियापद उचलावं लागतं: ‘आय ॲम टायर्ड’ला ‘सो ॲम आय’, ‘आय कान्ट स्विम’ला ‘नीदर कॅन आय’. खरी अडचण ‘आय वेन्ट’ची, कारण तिथलं ‘डिड’ दिसतच नाही. उत्तर ‘सो डिड आय’. क्रम बदलून ‘सो आय डिड’ म्हणालात तर अर्थ होतो, ‘खरंच की, गेले होते मी!’

जोडशब्दांतही मराठी अशीच डोकावते. आपल्याला ‘जरी’मागे ‘तरी’ लागतो, म्हणून मुलं ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ चिकटवतात. तिथे एकटं ‘ऑल्दो’ पुरतं.

‘नॉट ओन्ली’ची गंमत वेगळी. माझ्या वर्गात जतकडची, घरी कन्नड बोलणारी मुलं असत. ती लिहीत, ‘शी नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो कन्नड’. मी खडूने बाण काढून ‘नॉट ओन्ली’ उचलायची आणि ‘मराठी’च्या दारात नेऊन ठेवायची: ‘शी स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो कन्नड’. मग दोन्ही बाजूंना एकेक भाषा, तराजू सरळ.

हे सगळं नातीला सांगून झालं. ‘आजी, ते “सो डिड आय” पेपरला येत नाही’, एवढंच म्हणाली.

म्हणून ही विनंती. आपल्या बारावीच्या पुरवणीत वाक्यरूपांतराची लांबलचक यादी असते. त्यातली पाच-सहा वाक्यं कमी करून दोन मैत्रिणींचा चार ओळींचा संवाद छापाल का? एकीचं वाक्य छापा, दुसरीचं उत्तर मुलांना भरू द्या.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, मिरज