मंडळीला गाऊ दे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

नाताळच्या उपासनेचं संगीत यंदा तुझ्या गळ्यात पडलंय तर! यादी वाचली. गाणी सुंदर आहेत, पण निम्म्याहून अधिक एकट्या क्वायरची, म्हणजे गायकवृंदाची. अरे, वर्षभर न फिरकणारी माणसंही त्या दिवशी येतात ती गायला. त्यांना श्रोते करून बसवू नकोस. क्वायरला अर्पणाच्या वेळी एक गीत दे, बाकी मंडळीची, म्हणजे उपासनेला जमलेल्या सगळ्यांची. नवीन एखादं घ्यायचंच असेल तर नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या चारही रविवारी थोडं थोडं कानावर घाल.

पट्टीकडे मात्र नीट बघ. ‘जॉय टू द वर्ल्ड’ या नाताळगीताचा पहिलाच सूर वरचा सा, आणि तिथून चाल पायरी-पायरीने अख्खं सप्तक उतरते. पुस्तकांत ते बहुधा डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा सा धरून असतं. गळा तापलेला नसताना पहिल्याच शब्दाला वरचा डी म्हटलं की निम्मे बाप्ये नुसते ओठ हलवतात. एक सूर खाली, सी मेजरमध्ये उतरव. आणि ते उपासनेच्या शेवटी ठेव. आयझॅक वॉट्सचे 1719 मधले ते शब्द बायबलमधल्या 98 व्या स्तोत्रावरून आलेत, त्यात ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीचं नावही नाही.

क्वायरमधलं कुणीतरी संगीतकार हँडलच्या ‘हालेलुया’ या समूहगीतासाठी हट्ट धरणारच. त्याच्या ‘मसीहा’ या मोठ्या रचनेत तो दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, ख्रिस्ताचं दुःखसहन आणि पुनरुत्थान झाल्यावर. मी तर तो ईस्टरलाच घेईन. तू वाद घालू नकोस, हट्ट धरणाऱ्याला पाळकांकडे पाठव.

‘सायलेंट नाइट’ला कीबोर्ड बंद. 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फला शब्द लिहिणारा मोर आणि चाल देणारा ग्रुबर या दोघांनी ते पहिल्यांदा गायलं, तेही गिटारवर. तुझ्याकडे गिटारवाला आहेच. शेवटचं कडवं नुसत्या आवाजांवर सोड. तेव्हाच मेणबत्त्या पेटणार ना? मग एका हातात मेणबत्ती, दुसऱ्यात गीतपुस्तक, पान उलटायला तिसरा हात कुठून आणायचा? कडवी तीनच घे, मोठ्या अक्षरांत एकाच पानावर छाप. मेणबत्त्यांना पुठ्ठ्याच्या चकत्या लावायला विसरू नका.

कीबोर्डवर कोण आहे ते कळव. ट्रान्सपोजचं बटण दाबून पट्टी बदलणारा असेल, तर गीत संपलं की ते शून्यावर आणायची आठवण करायला शेजारी कुणालातरी बसव.

तुझाच,
जुना साथीदार